ऊन नव्हतं, मी होतो

नीलू, जवळ ये. अजून जवळ. तू हैदराबादेत आणि मी रायपुरात, तरी म्हणते जवळ ये, कारण फोनवर तू नुसता कान देतेस, मन तिकडंच ठेवतेस. परवा मी इतकंच म्हटलं की तुझ्या बाबांले जाऊन वर्ष होते, बरसी येऊन राहिली, तर काय म्हणालीस? "काकू, उनकी बात मत करो ना." आणि फोन ठेवला. असं करतात काय गं? मोठ्या माणसाचं बोलणं मधातच तोडतात काय? या हातांनी तुझ्या वेण्या घातल्या आहेत, म्हणून रागावते. दुसऱ्या कोणाच्या पोरीवर मी काहून रागावू?

म्हणून आता लिहून राहिली. लिहिलेलं तरी तुले मधात तोडता येत नाही. मी शाळा फार शिकली नाही, जे काही शिकली ते मासिकं वाचून. चुका दिसल्या तर हास, पण शेवटपर्यंत वाच. मी तुले तुझे बाबा सांगत नाही, ते तुले माहीत आहेत असं तू समजतेस. मी माझे शेजारी सांगते. माधवराव. भिंतीले भिंत लागून सारा जन्म गेला आमचा. तिकडं तुझ्या आईनं, शालूनं, फोडणी दिली की इकडं मले ठसका लागे.

माधवराव नळ खात्यात नकाशे काढायचे. उंच, किडकिडे, शर्टाच्या खिशात सदा दोन पेन्सिली. शूर म्हणशील तर अजिबात नाही. पालीले भीत, विजेले भीत, सायकलवरून उतरताना आधी जमिनीले पाय लावून पाहत की जमीन आहे नं. पण घरात काही नवं आलं की हाच माणूस सगळ्यांच्या पुढं येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "थांबा. आधी माझ्यावर."

नवा कुकर आणला तेव्हा पहिले किती दिवस त्यात नुसतं पाणी शिजत होतं. बाकी सगळ्यांनी बाहेर अंगणात उभं राहायचं, आणि हे एकटे स्वयंपाकघरात शिट्टी मोजत. मी भिंतीवरून विचारलं, "काय शालू, आज बी पाण्याचीच भाजी काय?" ती म्हणे, "हव ताई, आज पाण्यात मीठ बी घातलं आहे, सण आहे नं!" होळीचा रंग आधी स्वतःच्या मनगटाले लावून ठेवायचे, संध्याकाळपर्यंत खाज नाही आली तर मग तुले खेळायले सोडायचे. तोवर गल्लीतली, साऱ्या पाऱ्यातली पोट्टी आंघोळ करून, गुजिया खाऊन झोपलेली. तू एकटी हिरवीगार होऊन दारोदार फिरायचीस, "कोई तो खेलो!"

आणि तो झोपाळा! तीजाच्या सणाले पोरींसाठी कडुनिंबाले दोर बांधला. पोरी रांग लावून उभ्या, आणि हे आपलं धोतर सावरून आधी स्वतः बसले. फांदी कडकड वाजली. शालू छतावरून ओरडली, "अहो, उतरा नं! सारा पारा हसून राहिला!" तर म्हणे, "हसू दे. पडायचं असंल तर मले पडू दे." मोठे मोठे झोके घेतले, डोळे गच्च मिटून, दातावर दात दाबून. उतरताना आधी जमिनीले पाय लावून पाहिला. मग म्हणाले, "चला, आता पोरींनो, बसा." असा माणूस. तू त्याले वेडा म्हणतेस.

तुझ्या आईची सवय निराळी. शालूचा भरवसा उन्हावर. पापड, बिजौरीच्या वड्या, मिरच्या, गाद्या, लोणच्याच्या बरण्या, सगळ्याले ऊन दाखवायचं. गाण्याच्या रेडिओचे सेल उतरले की ते बी छतावर. जुन्या साध्या सेलांले ऊन दाखवलं की ते खरंच एखाद-दोन दिवस अजून ओढायचे, आपण साऱ्यांच्या घरी पाहिलं आहे. ती म्हणायची, "ऊन दाखवलं की मेलेलं बी उठून बसते."

आता त्या टॉर्चचं सांगते. तुले आवडणार नाही, तरी सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं समजत नाही. सदर बाजारातून आणलेली ती जाड, धातूची टॉर्च, आत चार्ज होणारे दोन लिथियमचे सेल एकामागं एक. पाणी शिरू नये म्हणून दोन्ही टोकांले रबराच्या रिंगा, घट्ट. माधवरावांनी तिले बादलीत बुडवून, टेबलावरून पाडून, सारं करून पाहिलं होतं. मग काही महिन्यांनी एक सेल कमजोर झाला. आपल्या घरांची रीत तुले माहीत आहे, जोडीतलं एक बिघडलं तर एकच बदलायचं, दुसरं चांगलं असताना काहून टाकायचं? चपलेचा अंगठा तुटला तर कोणी दोन्ही चपला फेकत नाही. तसंच त्यांनी पंडरी बाजारातल्या मोबाइलवाल्याकडून कोण्या जुन्या लॅपटॉपमधला एक सेल आणला आणि जुन्याच्या जोडीले घातला. शालूले हे माहीत नव्हतं. तिले उजेड पिवळा दिसला, तिनं मे महिन्याच्या उन्हात टॉर्च बिजौरीच्या ताटाशेजारी दिवसभर ठेवली. हे माधवरावांले माहीत नव्हतं.

संध्याकाळी आंधी आली, लाइट गेली, तू टॉर्च लावली. ती शिट्टीसारखी वाजायले लागली म्हणून तू तोंडाजवळ धरून पाहिली.

त्याच्या पुढचं मी लिहीत नाही. तो डोळा तुझा होता, त्याच्यावर बोलायचा हक्क बी तुझाच.

तुले नागपुरात नेलं, मग तिकडूनच तू हैदराबादेले नोकरीवर गेलीस. म्हणून मागं काय झालं ते तू पाहिलं नाही. तुझी आई तुले तिथं सोडून घरी आली, तुझ्या तोंडाकडं पाहू शकत नव्हती म्हणून, हे तुले लागलं असंल. तुले वाटलं असंल, आईले मी आता बरी दिसत नाही. अगं वेडे! ती कोणाच्याच तोंडाकडं पाहत नव्हती. तिच्या डोक्यात एकच बसलं, मी ऊन दाखवलं म्हणून फुटली. भर दुपारी छतावर जाऊन बसायची. आपल्या इथली मेची दुपार, जिथं कुत्रं बी नालीत जाऊन झोपते, तिथं ही उघड्या डोक्यानं, तापल्या फरशीवर मांडी घालून.

"शालू, खाली उतर! लू लागंल!" मी ओरडायची.

"लागू दे ताई. पोरीले लागलं तसं मले लागू दे."

माधवराव छत्री घेऊन तिच्या मागं उभे. ती सरकली की हे सरके. ती अजून सरके, हे अजून सरके. असा साऱ्या छतभर तो खेळ चालायचा, आणि खाली रस्त्यावरून येणारे-जाणारे मान वर करून पाहायचे. एकदा ती तिथंच आडवी पडली. सलाईन लावलं. डॉक्टरनं माधवरावांले बाजूले घेऊन सांगितलं की आता अजून एकदा असं झालं तर मी काही करू शकणार नाही. घरी आणली, शुद्धीवर आली, तर पहिलं काय विचारते? "ऊन उतरलं काय?"

त्या दिवशी ते माझ्या दाराशी आले. म्हणाले, "वहिनी, ऊन नव्हतं. माझा सेल होता."

"तुमाले कसं माहीत?"

"माहीत नाही. पाहून घेतो."

नीलू, हे नीट वाच. तो माणूस टॉर्च काहून फुटली हे शोधायले निघाला नव्हता. स्वतःच्या हातानं फुटली, एवढंच त्याले शोधायचं होतं. पोरीचा डोळा आपणच घेतला हे सिद्ध झालं तर बायको छतावरून उतरंल, एवढा साधा हिशेब.

इंजिनिअरिंग कॉलेजात एक पुण्याच्या मॅडम नवीन आल्या होत्या, लॅबमध्ये सेलांवरच काम करायच्या. त्यांच्याकडं गेले, म्हणाले, तशीच टॉर्च पुन्हा फोडून पाहायची आहे. मॅडमनं हात जोडले. "काका, हे घरी करायचं नाही. अजिबात नाही. मी तुम्हाला मदत करणार नाही." हे दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी बी. बाकावर बसून राहायचे, पेन्सिलीनं कागदावर टॉर्च ठेवायच्या खड्ड्याचा नकाशा काढत. शेवटी मॅडम म्हणाल्या, "तुम्ही एकटे कुठेतरी करून बसाल, त्यापेक्षा निदान नीट तरी करा."

मग त्यांनीच सारं शिकवलं. गुढियारीच्या पलीकडं ओळखीच्या माणसाची बंद पडलेली वीटभट्टी होती, आजूबाजूले झाड नाही, गवत नाही. तिथं खड्डा खणला, चहूबाजूंनी वाळूची पोती, वर लोखंडी जाळी. टॉर्च खड्ड्यात. तिच्या दोन तारा लांब ओढत जुन्या भिंतीमागं आणायच्या, आणि टोकं तिथं बसून जोडायची, म्हणजे हात टॉर्चजवळ नाही. वारा आपल्या पाठीकडून पाहिजे, कारण जळलेल्या सेलाचा धूर विषारी. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क, बाजूले वाळूच्या बादल्या. फुटो न फुटो, मॅडमनं सांगितलेला वेळ होईपर्यंत खड्ड्याजवळ जायचं नाही. आणि शेवटचा नियम, एकट्यानं करायचं नाही. शालू तर खाटेवर. म्हणून मी जायले लागली. मले एवढंच काम, दूर चटई टाकून बसायचं आणि काही झालं तर मॅडमले फोन लावायचा.

मॅडमनं पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगून ठेवली होती. "काका, दोन कमी-जास्त ताकदीचे सेल जोडले की कमजोर सेलवर उलटा भार पडतो, तो तापतो, आत गॅस होतो, आणि टॉर्च घट्ट बंद असली की गॅसला जायला वाट नसते. हे खरं आहे. पण उन्हानंही सेल खराब होतो. त्या दिवशी नेमकं कशानं झालं, ते जळालेली टॉर्च सांगणार नाही. आणि तुमचा खड्डाही सांगेल असं नाही." माधवरावांनी मान हलवली. ऐकलं की नाही, देव जाणे.

आधी उन्हाची परीक्षा. तशीच टॉर्च, नव्या, एकसारख्या सेलांची जोडी, तेच छत, तेच बिजौरीचं ताट, दिवसभर. मग भट्टीवर. तारा जोडल्या, टॉर्च लागली, जळत राहिली, हळूहळू मंद होऊन विझली. काही नाही. अजून एकदा, काही नाही. धावत घरी. "शालू, ऐक, उन्हातल्यानं काही नाही झालं! मॅडमले विचार!" शालू भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "त्या दिवशी झालं नं."

मग यांच्या चुकीची परीक्षा. एक जुना, एक नवा. तारा जोडल्या. मी चटईवर पदर तोंडाशी धरून. टॉर्च लागली, विझली. काही नाही. दुसरी, काही नाही. कधी गरम झाली म्हणून आशा वाटायची, तीही थंड होऊन जायची. ऑटोतून परत येताना त्यांचं तोंड पाहवत नव्हतं. साऱ्या जगात माणसं देवाले म्हणतात, बाबा, माझं वाचव. हे एके दिवशी हनुमानाच्या देवळातून बाहेर आले, हातात फोडलेला नारळ. मी विचारलं, काय मागितलं? तर म्हणे, "टॉर्च फुटू दे." मग स्वतःच हसले, आणि हसता हसता तिथंच पायरीवर बसले. "वहिनी, असं मागणं कोणी मागितलं असंल काय हो?"

इकडं शालूनं भात सोडला. मग वरणाचं पाणी बी सोडलं. हाताची बांगडी कोपरापर्यंत वर जायले लागली. मी चमच्यानं पाजायची तर दात लावून घ्यायची.

आणि मग तो दिवस. मॅडमची परीक्षेची ड्यूटी होती, आम्ही दोघंच गेलो. सेलांची पेटी त्यांनी भिंतीच्या सावलीत ठेवली आणि पोती सारखी करायले लागले. एक पोतं फाटलं होतं, ते शिवायले बसले. त्यात दुपार सरकली, सावली बी सरकली. तारा जोडायची वेळ आली तेव्हा पेटी भर उन्हात. त्यांनी पेटीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. माझ्याकडं पाहिलं.

"आजचं धरायचं नाही वहिनी," ते म्हणाले. "दोन्ही गोष्टी एकात आल्या. पण सेल थंड झाल्यावर लावून तर पाहू, सामान मांडलंच आहे."

सेल सावलीत थंड होऊ दिले. मग भिंतीमागं जाऊन बसले, तारा जोडल्या. थोडा वेळ काही नाही. मग ती शिट्टी, नीलू. तशीच. मी कान झाकले. आणि धाडकन असा आवाज झाला की भट्टीवरची कबुतरं एकदम उडाली. जाळी तिरपी झाली, वाळू वर उडाली, पांढरा धूर वाऱ्यानं पलीकडं गेला. मले खड्डा दिसत नव्हता, मले तुझ्या घरातली ती खोली दिसत होती.

माधवराव खड्ड्याकडं धावले नाहीत. नियम पाळला. भिंतीमागंच उभे राहिले, मास्क ओढून काढला आणि ओरडले, "मी! मी होतो! वहिनी, ऊन नव्हतं, मी होतो!" हात वर करून नाचत होते. रडत होते आणि नाचत होते. पलीकडून मजूर धावत आले, त्यांनी हेच पाहिलं, म्हातारा बॉम्ब फोडून नाचून राहिला. तेच पाऱ्यात पसरलं. तेच तुझ्यापर्यंत आलं.

आणि तरी मले वाटलं, घरी गेल्यावर खरं सांगतील. ज्या माणसानं कुकरावर बी भरवसा ठेवला नाही, तो हे कसं धरंल?

घरी गेलो. शालू खाटेवर. यांनी सारं सांगितलं, जुना सेल, नवा सेल, शिट्टी, आवाज. ती पहिल्यांदा यांच्याकडं वळली. कितीतरी दिवसांनी. आणि विचारते काय?

"ते सेल उन्हात होते काय?"

मी दाराशी उभी. माधवरावांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं नाही. नेमकं नाहीच पाहिलं.

"सावलीत होते," ते म्हणाले. "पूर्ण वेळ सावलीत."

शालू उठून बसली. तिनं थेट त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग म्हणाली, "तर तुम्ही घेतला माझ्या पोरीचा डोळा."

"हो," ते म्हणाले.

त्या दिवशी ती जेवली, नीलू. रागानं जेवली. भात कालवून कालवून, बोटं ताटावर आपटत. आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलली नाही, बोलली ते फक्त टाकून. साऱ्या पाऱ्याले सांगितलं, यांनीच केलं. तुले बी फोनवर तिनंच सांगितलं. तू बाबांचे फोन उचलणं बंद केलंस. ते रोज लावायचे, घंटी पूर्ण वाजू द्यायचे, आणि फोन खिशात ठेवून द्यायचे. एवढाच पेच मी त्यांच्या तोंडावर पाहिला. बायकोले उठवलं, तर पोरगी गेली.

मले राहवलं नाही. एकदा विचारलं, "अजून टॉर्च उरल्या आहेत नं? नीट सावलीत ठेवून पुन्हा करून पाहा. तुमचंच खरं निघंल, निदान तुमाले तरी समाधान."

ते पेन्सिलीले टोक करत होते. म्हणाले, "आणि नाही फुटली तर?"

उरलेले सगळे सेल त्यांनी मॅडमकडं नेऊन दिले, नीट नष्ट करायले. खड्डा बुजवला. मॅडमनं विचारलं, "काका, उत्तर मिळालं?" तर म्हणे, "कामापुरतं मिळालं."

खरं काय ते कोणालेच माहीत नाही, पोरी. ऊन होतं की सेल होता की टॉर्चच खराब होती. मले माहीत नाही, मॅडमले माहीत नाही. मले फक्त एवढं माहीत आहे की त्या माणसाले बी माहीत नव्हतं, आणि तरी तो "हो" म्हणाला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दुपारी, पावसाळा उतरता होता. बाहेरच्या पायरीवर ताट घेऊन बसले होते, शालू त्यांना आत जेवू द्यायची नाही. मी कढी द्यायले गेली. आतून तिचा आवाज आला, "ताट तिथंच विसळा! आत आणू नका! आणि ते कांद्याचं टरफल उचला, मी काय तुमची मोलकरीण आहे काय?" मले इतकी लाज वाटली की मी मान खाली घातली. माधवरावांनी माझ्याकडं वाकून, हळूच, चेहऱ्यावर असं काही हसू आणून म्हटलं, "ऐकलं वहिनी? केवढा खणखणीत आवाज. मे महिन्यात पाणी माग म्हटलं तरी ओठ हलत नव्हते तिचे." आणि कढीत भात कालवून, मोठमोठे घास घेऊन जेवले. जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

आता तू ये. बरसीच्या आधी ये. काळा चष्मा लावून येऊ नको, तुझ्या आईले तुझं तोंड पाहू दे, ती आता पाहू शकते. ती तुझ्यासमोर बाबांले शिव्या देईल. देऊ दे. तू हो ला हो मिळवू नको, आणि नाही बी म्हणू नको, नुसती तिच्या बाजूले बस. रडू आलं तर भिंतीच्या इकडं माझ्याकडं निघून ये. पण ये, पोट्टी, लवकर ये.